बँडला खोली द्या

तळवड्यात कॅनबे चौक आहे. रिक्षावाला, पीएमपीचा कंडक्टर, पार्सल पोचवणारा पोरगा, सगळ्यांच्या तोंडी हेच नाव. कॅनबे ही कंपनी मात्र आता नाही. २००७ मध्ये कॅपजेमिनीनं ती ताब्यात घेतली आणि पाटी बदलली. चौकाला चिकटलेलं नाव तेवढं राहिलं. कंपनीचा वारसा बहुतेक वेळा एवढाच असतो.

बँडचं तसं नसतं. बँडचं नुसतं नाव उरलं, तर काहीच उरलं नाही असं समजावं. बँड उरतो तो त्याच्यामुळे उभ्या राहिलेल्या पुढच्या बँडमध्ये. आज मुंबईच्या पेन्टाग्रामबद्दल लिहायचं आहे, आणि ते तळवड्यात बसूनच लिहायला हवं. कारण या बँडनं दाखवलेली वाट पुढे न्यायला लागतं ते सगळं आपल्या औद्योगिक पट्ट्यात पडून आहे आणि आपण त्यातलं काहीही वापरलेलं नाही.

चौघं

५ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेत कर्ट कोबेन गेला. लाकडाच्या धंद्यावर जगणाऱ्या अ‍ॅबर्डीन नावाच्या लहानशा गावातला हा मुलगा. त्याच्या निर्वाणा बँडचा १९९१ चा 'नेव्हरमाइंड' जगभर गाजला आणि मोठ्या कंपन्यांच्या साच्यात न बसणाऱ्या बँडना अचानक दारं उघडली. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात तो प्रवाह कॉलेजच्या रेडिओवरून आणि लहान लहान क्लबांमधून वर आला होता. स्टेडियमसाठी तो बनलेलाच नव्हता.

त्याच १९९४ साली मुंबईत पेन्टाग्राम सुरू झाला. गायला विशाल ददलानी, गिटारवर रँडॉल्फ कोरिया, बासवर पापल माने, ड्रम्सवर शिराझ भट्टाचार्य, हा त्यांचा टिकलेला संच. 'वी आर नॉट लिसनिंग' १९९६ मध्ये आला, 'अप' २००२ मध्ये, 'इट्स ओके, इट्स ऑल गुड' २००७ मध्ये आणि 'ब्लडीवुड' २०११ मध्ये. पंधरा वर्षांत चार अल्बम. २००५ मध्ये हे चौघं इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आले.

चार अल्बम म्हणजे फार नाहीत. पण पहिल्यातली जड गिटार दुसऱ्यात इलेक्ट्रॉनिक संगीतात मिसळली, आणि पुढेही त्यांनी स्वतःला जसंच्या तसं पुन्हा वाजवलं नाही. चाहत्यांना जुनंच हवं असतं. तेच पुन्हा वाजवलं की टाळी हमखास मिळते. ही टाळी नाकारायला धाडस लागतं, आणि ते या चौघांकडे होतं.

पोट आणि गाणं

पेन्टाग्रामच्या गोष्टीतला सगळ्यात उपयोगी भाग तळवड्याच्या पोरांनी नीट ऐकावा. विशाल ददलानी म्हणजेच विशाल-शेखर जोडीतला विशाल. 'झंकार बीट्स' २००३ चा. 'ओम शांती ओम' २००७ चा. म्हणजे ज्या वर्षी देशभरच्या लग्नांत त्याची सिनेमाची गाणी वाजत होती, त्याच वर्षी त्याच्या बँडचा तिसरा अल्बम आला. सिनेमानं घर चालवलं, आणि बँडही मेला नाही.

आपल्याकडे पोरगा गिटार घेऊन बसला की घरात एकच प्रश्न येतो: नोकरी की बँड? हा प्रश्नच चुकीचा आहे. भारतात स्वतःची गाणी वाजवून पोट भरलेले बँड हाताच्या बोटांवर मोजावेत. बाकीच्यांनी जाहिराती केल्या, शिकवण्या घेतल्या, स्टुडिओत दुसऱ्यांसाठी वाजवलं, ऑफिसं सांभाळली. नोकरी सांभाळून बँड चालवणं ही तडजोड नाही. या देशात रॉक टिकला तो त्याच रीतीनं. आयटी पार्कमध्ये कोड लिहिणाऱ्या मुलीनं आणि चाकणच्या असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्या मुलानं हे मनाशी पक्कं धरावं. पगार हा बँडचा शत्रू नव्हे. पगारातूनच ड्रम्स येतात.

हुबेहूब नको

एके काळी कॉलेजच्या मंचावर बँडची परीक्षा एकाच गोष्टीत व्हायची: परदेशी गाणं किती हुबेहूब वाजवता. स्वतःचं गाणं सुरू झालं की समोरची पोरं चहाला जायची. १९८४ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या रॉक मशीननं ही सवय मोडायला घेतली. उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि मंडळींनी १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड असं नाव घेतलं. त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पेन्टाग्राम आला. त्याच मुंबईत झीरो आला. झीरोचा वॉरन मेंडोन्सा पुढे ब्लॅकस्ट्रॅटब्लूज या नावानं वाजवू लागला, सिद्ध कुटोनं टफ ऑन टोबॅको उभा केला. पेन्टाग्रामच्या रँडॉल्फ कोरियानं मोनिका डोग्राबरोबर शायर + फंक काढला.

एका बँडमधून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. वारसा याला म्हणायचं. दिंडीत जसा एकाच्या गळ्यातला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जातो आणि खाली ठेवला जात नाही, तसंच हे काम चालतं. ज्या गावात वीणा घ्यायला दुसरा गळाच नाही, तिथं पहिल्यानं कितीही चांगलं वाजवलं तरी ते त्याच्याबरोबर संपतं.

रंगभवन का गेलं?

ही साखळी हवेत तयार झाली नाही. तिला एक पत्ता होता: रंगभवन, धोबीतलाव, मुंबई. उघड्यावरचं थिएटर. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी सुरू केलेल्या इंडिपेंडन्स रॉकचा, म्हणजे आय-रॉकचा, हा जुना मंच. जॅझ यात्राही तिथं भरायची. लोकलनं यावं, परवडेल त्या तिकिटात आत शिरावं, पोटभर ऐकावं आणि शेवटच्या गाडीनं परतावं. मुंबईच्या दोन पिढ्या तिथं रॉक शिकल्या.

मग ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला. रंगभवनच्या बाजूला सेंट झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जीटी रुग्णालय. रंगभवनचा आवाज बंद झाला. रुग्णाला शांतता हवी, याबद्दल माझं दुमत नाही आणि नियमही चुकीचा नाही. चूक पुढची आहे. एक मंच बंद करताना शहरानं त्याच्या जोडीचा दुसरा मंच त्याच दरात उभा केला नाही. आय-रॉक अंधेरीकडे गेला. बाकीचा रॉक क्लबांत शिरला. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेल्या ब्लू फ्रॉगसारख्या चांगल्या जागाही होत्या, पण तिथं बसायचं तर खिसा जड लागतो. आणि तोही २०१६ मध्ये बंद झाला.

पुण्यात २०१० मध्ये कोरेगाव पार्कात एनएच७ वीकेंडर सुरू झाला आणि देशभरचे बँड पुण्याला येऊ लागले. मोठी गोष्ट होती. पण महोत्सव म्हणजे वर्षातले दोन-तीन दिवस. बँड घडतो तो उरलेल्या दिवसांत, बंद खोलीत, तेच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून. ती खोली कुठं आहे?

पंचाहत्तर

आता कायद्याचं तेच पान तळवड्यासाठी वाचू. शांतता क्षेत्रात दिवसा ५० डेसिबल आणि रात्री ४०. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. व्यापारी भागात ६५ आणि ५५. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७०.

डेसिबलचं गणित सरळ बेरजेचं नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे निवासी भागाच्या ५५ पेक्षा औद्योगिक भागाचे ७५ हे शंभरपट. सबंध महाराष्ट्रात सर्वात मोठ्या आवाजाला कायद्यानं जागा दिली आहे ती एमआयडीसीत. रॉकला मुंबईत जे नाकारलं गेलं, ते तळवडे, भोसरी आणि चाकणमध्ये कायद्यात लिहून ठेवलेलं आहे.

ड्रम्सचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या आसपास जातो. पण चार भिंती, आतून जाड अस्तर आणि एक घट्ट दार एवढं असलं की बाहेर येणारा आवाज शेजारच्या प्रेस शॉपपेक्षा कमी भरेल. शिवाय लाउडस्पीकर आणि वाद्यांवरची रात्री दहाची मनाई बंद सभागृहाला लागू होत नाही. कारखान्याच्या गाळ्यात सरावाची खोली करायला विज्ञान आड येत नाही आणि आवाजाचा नियमही आड येत नाही. आड येते ती एवढीच गोष्ट, की ही गरज आहे असं कुणाच्या मनातच आलेलं नाही.

सोसायटीत तर प्रश्नच मिटला. टू बीएचकेच्या बेडरूममध्ये ड्रम्स मांडले की संध्याकाळच्या आत सेक्रेटरी दारात. त्यांचंही बरोबर आहे. खालच्या मजल्यावर कुणीतरी थर्ड शिफ्ट करून झोपलेलं असतं.

गुरुवार

बँड का जमत नाहीत हे मी या पट्ट्यातल्या पोरांना विचारतो तेव्हा उत्तर पैशाचं येत नाही, कॅलेंडरचं येतं. पिंपरी-चिंचवडच्या आणि चाकणच्या बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. आयटी पार्कची शनिवार-रविवार. ड्रमर गुरुवारी मोकळा, गिटारिस्ट रविवारी. बासवाल्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरते. गाणारा ट्रेनी आहे. त्याला ओटी नाकारता येत नाही, कारण कंत्राटाच्या नूतनीकरणाची टांगती तलवार डोक्यावर आहे.

रॅप इथं जोमात आहे, त्याचं एक मोठं कारण हेच. रॅपला एक मोबाइल, एक बीट आणि एक माणूस पुरतो. दहा बाय दहाच्या खोलीत, कानात हेडफोन घालून, रात्री दोन वाजताही गाणं तयार होतं. पुण्याच्या ताडीवाला रोडच्या एमसी स्टॅननं देशाला ऐकायला लावलं. मराठीत रॅप करणारी पोरं आज आपल्या मोहल्ल्याचं जे बोलतात, ते मराठी रॉकनं बोलायला हवं होतं. त्यांना मनापासून दाद.

पण बँडनं मिळतं ते एकट्यानं मिळत नाही. बँडमध्ये दुसऱ्याचं ऐकावं लागतं. ड्रमर घाई करतोय हे बासवाल्याला कळावं लागतं, गिटारनं गाणाऱ्याला जागा सोडावी लागते, चौघांना एकाच ठोक्यावर थांबावं लागतं. दिवसभर मशीनच्या किंवा स्क्रीनच्या पुढ्यात एकट्यानं राबणाऱ्या पट्ट्याला या गोष्टीची भूक आहे. कामाच्या जागी ऑपरेटर आणि इंजिनिअर यांच्यात हुद्द्याची भिंत असते. बँडमध्ये ती टिकत नाही. ताल चुकला की इंजिनिअरचाही चुकतो.

वेळ नाही म्हणता?

तरुणांना वेळ नाही, हे मला पटत नाही. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. नदीकाठी, पुलाखाली, मोकळ्या मैदानावर. आयटीतल्या मुली ऑफिसवरून थेट येतात, बॅग कोपऱ्यात टाकतात आणि ढोल कमरेला बांधतात. कंपनीतला ऑपरेटर शेजारी ताशा वाजवतो. बोटांना पट्ट्या बांधतात, घामाघूम होतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कुणाला त्याचे पैसे मिळत नाहीत.

म्हणजे वेळ आहे, जिद्द आहे, शिस्त आहे. हुद्दा विसरून एकत्र वाजवायची तयारीही आहे. पथकांना एकच गोष्ट जास्त मिळाली: सरावाची ठरलेली जागा आणि ती जागा आपली आहे असं मानणारा समाज. एवढं बँडला द्या, आणि मग बघा.

प्रेस शॉपमधला गिटारिस्ट

कारखान्यांच्या गावाला रॉक परका वाटायचं कारण नाही. रॉकमधला सगळ्यात जड आवाज कारखान्यातूनच आला. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, पत्र्याचं काम करणारा कारखाना, कामावरचा शेवटचा दिवस आणि सतरा वर्षांचा टोनी आयोमी. मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टर म्हणाले, वाजवणं विसर.

त्या कारखान्याच्या फोरमननं त्याला एक रेकॉर्ड आणून दिली. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची. आगीत भाजल्यामुळे राइनहार्टची दोन बोटं निकामी झाली होती आणि तरीही तो तसा वाजवत होता. आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, दाबायला सोप्या अशा हलक्या तारा लावल्या, पुढे त्या सैलही केल्या. सैल तारांचा आवाज खाली उतरला, जड झाला. ब्लॅक सॅबथचा आवाज तो हाच. सिअ‍ॅटलच्या ज्या बँडनी नव्वदीच्या सुरुवातीला जग हलवलं, ते हा आवाज ऐकत मोठे झाले होते. तिथून तो मुंबईला आला.

प्रेसवर बोट जाणं आपल्या पट्ट्याला नवं नाही. भोसरी-चाकणमध्ये अशी माणसं रोज भेटतात. त्या प्रत्येक अपघाताचा हिशेब मालकाकडून घेतलाच पाहिजे, सेन्सर आणि गार्ड बसलेच पाहिजेत, भरपाई मिळालीच पाहिजे. आणि त्याबरोबर त्या फोरमनचीही आठवण ठेवावी. त्याच्या हातात फार काही नव्हतं. समोरचा कामगार हा कामगार असण्याआधी वाजवणारा माणूस आहे, एवढं मात्र त्याला दिसलं. आपल्याकडच्या किती सुपरवायझरांना, किती एचआरवाल्यांना आपल्या लाइनवरचा कोण काय वाजवतो हे ठाऊक आहे?

आपलं नाही म्हणे

रॉक आपलं नाही, इंग्रजाळलेल्यांचं आहे, असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. पेटी युरोपातून आली. १९४० मध्ये आकाशवाणीनं तिच्यावर बंदी घातली, आणि ती तीन दशकं टिकली. आज देहूच्या वाटेवर कुठल्याही भजनी मंडळात जा, पेटीवाचून भजन उभं राहत नाही. वाद्य कुठून आलं याला महत्त्व नाही. त्यावर आपण काय म्हणतो, याला आहे.

आणि इथं मात्र आपण मराठी माणसांनी मान खाली घालावी. कोलकात्यात १९७५ च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या साथीदारांनी महीनेर घोडागुली हा बंगाली बँड काढला. जीवनानंद दासांच्या कवितेतून नाव घेतलं. त्या वेळी फारसं कुणी ऐकलं नाही. १९९५ मध्ये त्यांची गाणी नव्या संचात पुन्हा आली आणि बंगालीत बँडची लाट उसळली. वीस वर्षांनी. केरळात २००३ मध्ये अविअल आला, मल्याळममध्ये अल्टरनेटिव्ह रॉक वाजवू लागला. २००८ मध्ये त्यांचा अल्बम आला आणि तिथल्या पोरांना आपल्या भाषेत ओरडायला तोंड फुटलं.

मुंबई, पुणे आणि हा सगळा पट्टा हाताशी असताना मराठीत तेवढ्या ताकदीची परंपरा उभी राहिली नाही. संताप मराठीत नव्हता असं नाही. तो शाहिरीत होता, जलशांत होता, अमर शेखांच्या आवाजात, अण्णा भाऊंच्या पोवाड्यांत, विलास घोगऱ्यांच्या गाण्यात होता. पण तो संताप आणि मुंबईतली गिटार यांची गाठ पडली नाही. एक दादरच्या पलीकडे राहिला, एक अलीकडे. पेन्टाग्रामच्या बासवर माने आडनावाचा माणूस होता. गाणी इंग्रजीतच राहिली. हा त्या बँडवर आरोप नाही. त्यांनी त्यांच्या भाषेत प्रामाणिक काम केलं. आपल्या भाषेतलं काम आपल्यावर होतं.

मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट'नं संतांच्या अभंगांना गिटार, बास आणि ड्रम्सची साथ दिली आणि हजारो तरुणांना ते शब्द नव्यानं ऐकवले. चांगलं काम आहे. पण तळवड्याला तेवढ्यावर थांबता येणार नाही. देहू इथून हाकेच्या अंतरावर. तुकोबांनी आपल्या काळातलं दुष्काळाचं, दिवाळ्याचं, ढोंगाचं आपल्याच शब्दांत लिहिलं. आधीच्या शतकांतले शब्द गाऊन ते मोकळे झाले नाहीत. त्यांचा वारसा सांगायचा तर आजचं गाणं आजच्या शब्दांत लिहावं लागेल. सेकंड शिफ्ट सुटल्यावरचा अंधार, सात महिन्यांचा ब्रेक, गावाकडे पाठवायचा पैसा, फेसाळलेली इंद्रायणी, देहू-आळंदी रस्त्यावरची कोंडी, एकाच खोलीत सहा जणांचं बिऱ्हाड, मेलवर आलेली कपातीची बातमी. यावर मराठीत एकही दणदणीत रॉक गाणं नसावं, याची मला चीड येते.

मागण्या

रडून झालं, आता कामाचं बोलू.

पिंपरी-चिंचवड महापालिकेला: आपली नाट्यगृहं बघा. चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीकडे निळू फुले रंगमंदिर, प्राधिकरणात गदिमा नाट्यगृह. नाटकांना तारखा मिळाल्याच पाहिजेत, त्यात वाटा मागत नाही. पण महिन्यातली एक संध्याकाळ, तीही गुरुवारची, स्थानिक बँडना नाममात्र भाड्यात द्या. अट एकच: निम्मी तरी गाणी स्वतःची हवीत. स्वरसागर महोत्सव तुम्ही भरवता. त्यातलं एक सत्र या पोरांना द्या. बाहेरून नामवंत बोलवताना घरचा माणूस मंचाखालीच राहिला, असं होऊ देऊ नका.

एमआयडीसीला: भूखंड वाटताना सुविधांसाठी जागा राखता. कँटीन, बँक, दवाखाना यांच्या यादीत सरावाच्या दोन खोल्या लिहा. आवाजाची मर्यादा तुमच्याच भागात सगळ्यात मोठी आहे.

कंपन्यांना: वार्षिक दिनाला बाहेरचा डीजे आणायचा खर्च एक वर्ष बाजूला ठेवा. तेवढ्यात एक ड्रम्सचा संच, दोन अँप आणि एका रिकाम्या गाळ्याला अस्तर एवढं सहज होईल. किल्ली कामगारांच्या हाती द्या. ऑपरेटर, ट्रेनी, कंत्राटी, सगळ्यांच्या. फक्त कार्डवाल्यांच्या नको.

आकुर्डी-निगडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना: बँड स्पर्धेच्या नियमावलीत स्वतःच्या गाण्याला वेगळे गुण ठेवा, आणि मराठी गाण्यालाही. परीक्षक जे मागतील ते पोरं लिहितील.

आई-वडिलांना: पोरगी बास वाजवते म्हणून तिचं करिअर बुडत नाही. आठवड्यातले दोन तास तिनं तीन जणांचं ऐकत घालवले, तर उद्या टीम सांभाळताना ते तिच्या उपयोगी पडेल. पडलं नाही तरी तिनं वाजवावं.

आणि बँड काढू पाहणाऱ्या पोरांना सगळ्यात कडक शब्दात: वाट बघू नका. गोव्याच्या रेमो फर्नांडिसनं १९८४ मध्ये 'गोअन क्रेझी' शिवोलीतल्या घरातच रेकॉर्ड केला. जवळपास सगळी वाद्यं स्वतः वाजवली आणि कॅसेट स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये त्याच्या त्या वेळच्या यंत्रापेक्षा जास्त ताकद आहे. परदेशी गाणी शिकण्यासाठी वाजवा, जरूर वाजवा. पण मंचावर स्वतःचं न्या. पहिलं गाणं वाईट होईल, होऊ द्या. पाचवं बरं होईल. शिफ्ट जुळत नसतील तर सुट्टी अदलाबदल करा, रजा टाका, फॅक्टरीतल्या मित्राला तुमच्या जागी उभा करा. ढोल-ताशासाठी हे सगळं करताच की.

पेन्टाग्रामनं दाखवून दिलेली गोष्ट साधी होती. इथल्या पोरांनी इथली, स्वतःची गाणी वाजवायची, पोटासाठी दुसरं काम करायचं आणि तरीही वर्षानुवर्षं बँड सोडायचा नाही. जागा देणारा एक कारखानदार, तारीख देणारा एक अधिकारी आणि स्वतःची चार गाणी लिहिणारी चार पोरं, एवढ्यावर हे तळवड्यात सुरू होऊ शकतं. यातल्या पहिल्या दोघांना या आठवड्यात पत्र लिहा, फोन करा, भेटायला जा. चौथं गाणं होईपर्यंत त्यांच्याकडून खोलीची किल्ली आलीच पाहिजे.